परतीची तारीख

पौडच्या रस्त्यावर शनिवारी सकाळी गाड्या ताम्हिणीकडे धावतात आणि रविवारी संध्याकाळी त्याच गाड्या चांदणी चौकात अडकून पडतात. दीड दिवसाची ही मोकळीक कुणाला नाकारू नये. पण हा रस्ता ज्या मुळशी तालुक्यातून जातो, त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, तर प्रवासाबद्दल आपण सहसा न विचारलेला एक प्रश्न समोर येतो. जगप्रवास करून आलेल्याला आपण विचारतो, किती देश झाले, खर्च किती आला, जेवणाचं काय केलंत. परत कधी यायचं हे कुणी ठरवलं, हे मात्र विचारत नाही. माझ्या मते प्रवास स्वतंत्र होता की नव्हता, याचा निकाल तिथंच लागतो.

सेनापती बापटांचं उदाहरण घ्या. १९०४ साली पांडुरंग महादेव बापट सरकारी व्यवस्थेतल्या हुशार मुलासारखे मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. जाण्यायेण्याचा आराखडा दुसऱ्यांनी आखलेला होता. इंग्रजी सत्तेविरुद्ध बोलले म्हणून शिष्यवृत्ती गेली, आणि तिथून त्यांचा स्वतःचा प्रवास सुरू झाला. पॅरिसला जाऊन त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची विद्या मिळवली आणि ती घेऊन ते मायदेशी परतले. हाच माणूस पुढे मुळशीच्या शेतकऱ्यांचा सेनापती झाला. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध इथं सत्याग्रह सुरू झाला. लढा हरला. धरण झालं, सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरवून वीज तयार झाली, ती मुंबईकडे गेली. गावं पाण्याखाली गेली आणि माणसं वाट फुटेल तिकडे गेली. त्यांच्या निघण्याची तारीख कंपनीने ठरवली. परतीची तारीख ठरवायला गावच उरलं नाही. आज त्या जलाशयाच्या काठी 'लेक व्ह्यू' म्हणून खोल्या भाड्याने मिळतात. राहावं, पण एवढं ठाऊक असावं.

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथं रोज कामाला जाणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसतं. गेली पंचवीसेक वर्षं तिथून मराठी मुलंमुली 'ऑनसाइट' जगभर जात आहेत. घरोघरी पेढे वाटले गेले, विमानतळावर अख्खी कुटुंबं जमली. त्यांच्या कर्तबगारीबद्दल शंका नाही. पण प्रोजेक्ट संपला की परत या, वाढला की थांबा. अमेरिकेचा एच-वन-बी व्हिसा मालकाशी बांधलेला. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. ग्रुप टूरचा मामला याच जातीचा, फक्त सुखाचा. सकाळी सहाला वेकअप कॉल, आठला बस, रात्री श्रीखंड-पुरी. वयस्कर माणसांना या टूर्सनी जग दाखवलं, हे उपकारच. पण फ्लॉरेन्स आवडलं म्हणून आणखी चार दिवस तिथं राहता येत नाही.

मोकळ्या भटकंतीचं हे वेड पाश्चात्त्य, आपल्याला परवडणारं नाही, असं म्हणणारे गोडसे भटजींना विसरतात. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फेडायला निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार, दक्षिणा मिळणार, एवढीच आशा. वाटेत सत्तावनचं बंड पेटलं. भटजींनी झाशी पडताना पाहिली, मिळवलेला पैसा लुटला गेला, आणि दोन-अडीच वर्षांनी घरी आले ते गंगेची कावड घेऊन. 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं. भटजींकडे पैसा जवळजवळ नव्हताच. वाटेत ओळखीचा मराठी आश्रय होता, अन्नछत्रं होती. नर्मदा परिक्रमेला पायी निघालेला माणूस आजही सदावर्तावरच चालतो. पैशापेक्षा वेळ आणि वाटेवरची ओसरी, एवढ्यावरच लांबचा प्रवास पूर्वी उभा होता.

आता ओसरीची जागा कागदांनी घेतली आहे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. परकीय चलनही पूर्वी मोजून मापून मिळे. २००४मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली, आज ती वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे आपल्या सरकारने दार उघडलं. समोरच्याने उघडलेलं नाही. शेंगेनचा व्हिसा मागताना आपण बँकेचं स्टेटमेंट, विमा, हॉटेलचं आणि परतीच्या तिकिटाचं बुकिंग जोडतो. १८० दिवसांत ९० दिवसांच्या वर राहायचं नाही. जर्मन मुलगा शाळा संपल्यावर वर्षभर आशियात हिंडतो, आणि आपल्याकडे बारावीनंतर तसं वर्ष घेतलं की ते 'वाया' जातं. पौडजवळ खुबवलीच्या डोंगरावर १९९७पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. देशोदेशीची सोळा-सतरा वर्षांची मुलं दोन वर्षं तिथं राहून शिकतात. डोंगराखालच्या वाडीतल्या मुलाला तितक्या सहज त्यांच्या देशात जाता येईल, असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

तरी कुणी निघतंच. परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके २०१६ साली निघाले आणि शक्यतो विमान टाळत, तीन वर्षांनी पृथ्वीला वळसा घालून परतले. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८मध्ये विसाव्या वर्षी १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर सायकल हाकली. तिच्या धाडसापुढे मी नतमस्तक आहे, पण घड्याळ हाही मालकच. मला चापक्यांचा रमतगमतपणा जास्त जवळचा वाटतो.

व्हिसा आपल्या हातात नाही, म्हाताऱ्या आईवडिलांची काळजीही खरी. पण रजा? केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या दिवशी तिचे पैसे घेऊन आपण आनंदाने घरी येतो. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली ती २५४ दिवसांत. म्हणजे एका कारकुनाने विकलेल्या रजेत शिडाच्या होडीने जग फिरून होतं, वर दीड महिना उरतो. नियमांप्रमाणे एका वेळी १८० दिवस मागता येतात. मिळतातच असं नाही. साहेबाच्या कपाळावर आठ्या चढतील. पण मागणाराच दुर्मीळ.

वाचकहो, दिवाळीची सुट्टी संपवून कामावर रुजू झालात की आपल्या रजेचा शिल्लक आकडा एकदा विचारून घ्या. निवृत्तीला दहा वर्षं उरली असतील, तर त्यातली सहा महिन्यांची रजा आत्ताच मागा. नाकारली, तर नकार लेखी घ्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.