बांधाकडचा ऊस

कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्याची ही गोष्ट. कारखाना कोणता ते विचारू नका. गोष्ट आहे, गोष्टीसारखी ऐका.

चेअरमनना सगळे अण्णा म्हणत. चाळीस वर्षं ऊस बघितलेला माणूस. गौरी-गणपती उरकले की अण्णा जीप काढून कार्यक्षेत्रात फिरायचे, काच खाली करून दोन्ही अंगांचा ऊस न्याहाळायचे आणि संध्याकाळी शेतकी ऑफिसात चहा पिता पिता सांगायचे, "यंदा एकरी पन्नास टन सुटतंय." नोंदलेल्या क्षेत्राला पन्नासने गुणलं की झाला अंदाज. मग कोयते किती लागणार, बीडकडच्या मुकादमांना उचल किती द्यायची, बँकेकडे काय मागायचं, सगळं त्या एका आकड्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीची उचल हल्ली लाखाच्या घरात जाते. आकडा दोन-चार टनांनी हलला तरी कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे होतात.

गेल्या हंगामात तो चांगलाच हलला. फेब्रुवारीतच ऊस संपला. टोळ्या बसून राहिल्या, उचल फिटायच्या आत निम्मे मुकादम दुसऱ्या कारखान्याच्या वाटेला लागले. वार्षिक सभेत अण्णांनी सांगितलं, पाऊस कमी पडला. सभासदांनी माना डोलावल्या. पाऊस खरोखरच कमी पडला होता, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलं नाही.

नव्याने आलेल्या कार्यकारी संचालकांना, म्हणजे साहेबांना, मात्र ते पटलं नव्हतं. त्यांनी अण्णांना गळ घातली, "यंदा मोजून बघू या."

"बघा की. माझ्यापेक्षा वेगळं काय निघणार?"

गटागटांतल्या स्लिपबॉयना, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या पोरांना, दोरी, कोयता आणि ताणकाटा दिला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद चौकोन आखायचा, त्यातला ऊस तोडून वजन करायचं, एकराला किती पडतो ते काढायचं, पुढच्या वाढीची भर धरायची. आठवड्यात कागद आले. सरासरी निघाली छप्पन्न टन.

अण्णा खूश. "मी आपलं जपूनच सांगत होतो! मोजलंत ना? आता आधाराशिवाय बोलतो असं म्हणू नका." जादा कोयत्यांच्या कराराचा ठराव टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर आला. आकडे मोजलेले, कागदावर सह्या, सरासरी दशांशापर्यंत काढलेली. अशा कागदापुढे भलेभले मान तुकवतात.

साहेबांनी सही करण्याआधी दोन कामं केली. एक, लेखा विभागाकडून मागच्या पाच हंगामांच्या वजनकाट्याच्या बेरजा मागवल्या आणि अण्णांच्या अंदाजांशेजारी मांडल्या. पाचही वर्षं अंदाज जास्त, काटा कमी. नजरेने सांगणारा माणूस चुकणारच, पण मग कधी वर चुकावा, कधी खाली. दरवर्षी एकाच बाजूला चुकतो तेव्हा पावसाला बोल लावून भागत नाही.

दुसरं काम, शेतकी खात्यात नव्याने लागलेल्या एका कृषी पदवीधर पोराला नुसतं बघून यायला सांगितलं.

तो दोन दिवसांनी आला तेव्हा हातांवर पाचटाचे ओरखडे होते. म्हणाला, "साहेब, खोटं कुणीच लिहिलं नाही. पण सगळे चौकोन रस्त्याकडेच्या बांधाला लागून आहेत. आत शिरवतच नाही. पाचट कापतं, कूस टोचते, सापाची भीती. अन् बांधाकडच्या सरीला बाजूने ऊन मिळतं, तिथला ऊस जाडच असतो."

"आणखी?"

"दोरी उसाच्या बेटावर आली की सगळं बेट आत धरतात. बाहेर कुणी टाकत नाही."

साहेबांनी कागदावर आकडेमोड केली. दहा फुटी चौकोनावरून एकराचा हिशोब करायचा तर ४३५ने गुणावं लागतं. म्हणजे दोन किलोचा एकच ऊस चुकून आत आला, तर एकरी पाऊण टनाहून जास्त भर. दोरीच्या चारी बाजूंना नुसता अर्धा-अर्धा फूट ऊस ओढला गेला तर वीस टक्के. तेच एका गुंठ्याच्या, म्हणजे तेहतीस फुटी चौकोनाला जेमतेम सहा टक्के.

हे दुखणं जुनं आहे. साताऱ्याकडच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत काम करताना नेमका हाच मुद्दा धरला होता : लहान वाफ्यांवरून काढलेलं उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण कडेचं पीक आत येतं. समोर महालनोबिसांसारखा दिग्गज, लहान वाफे भरपूर घ्यावेत या मताचा. वाद चांगलाच रंगला. पिकाच्या आकड्यांवर तेव्हा देशाच्या धान्याचा हिशोब अवलंबून होता.

साहेबांनी मोजणी पुन्हा लावली. चौकोन गुंठ्याचा. शेत कुठलं, कितवी सरी, सरीत किती पावलं, हे चिठ्ठीवर निघेल ते. दोरीवरचं बेट दोन ठरलेल्या बाजूंना आत धरायचं, उरलेल्या दोन बाजूंना सोडायचं. सरासरी आली त्रेचाळीस.

संचालक मंडळात गदारोळ. "आधी छप्पन्न, आता त्रेचाळीस. तुमच्या मोजण्याला काय अर्थ?" प्रश्न रास्त होता. साहेब म्हणाले, "दोन्हींवर विश्वास ठेवू नका. जादा कोयत्यांचा करार आत्ता करू नका. पहिल्या पंधरवड्यात तोडलेल्या प्लॉटांचं एकरी वजन काट्यावर कळेलच. तिथे पन्नास दिसले तर मी स्वतः मुकादमांकडे जातो." आयत्या वेळी कोयते महाग पडतील हेही त्यांनी लपवलं नाही.

पंधरवड्याची सरासरी आली पंचेचाळीस. ठराव फायलीतच राहिला.

पुढच्या वर्षी खरेदी समितीपुढे विषय आला : स्लिपबॉयसाठी गमबूट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे जाड शर्ट. एक संचालक उसळले, "मोजणीला बूट कशाला?" साहेबांनी सगळ्या बुटांची किंमत आणि एका कोयत्याची उचल शेजारी-शेजारी लिहून कागद पुढे सरकवला.

अण्णांनी चष्मा लावून तो वाचला. "घ्या बूट," ते म्हणाले. "अन् नऊ नंबरचा एक जोड जास्त सांगा. ह्या वर्षी मीबी आत शिरून बघतो."