मागल्या जन्माची वही

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी प्रवचनकार नव्हे, बँकेतून निवृत्त झालेला कारकून आहे. आमचं मंडळ दर गुरुवारी जवळच्या एका वृद्धाश्रमात जातं. करुणात्रिपदी, गुरुचरित्रातली एखादी कथा, मग आरती आणि प्रसाद. कथेवर चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे. अंकासाठी लिहा म्हणाले, तेव्हा ठरवलं की यंदा आपली चूकच लिहावी.

एका गुरुवारी मी कर्मफलावर बोललो. म्हटलं, "बँकेच्या लेजरमध्ये चूक होईल, पण देवाच्या वहीत होणार नाही. ज्याला जे मिळतं ते त्याच्याच खात्यातलं." मंडळी खूश झाली. पुढच्या रांगेत व्हीलचेअरवर एक बाई होत्या. शाळेत शिक्षिका होत्या, खुब्याचं हाड मोडल्यापासून तिथे राहतात. त्या काहीच बोलल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी त्या आल्याच नाहीत. खोलीत डोकावलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, ताट तसंच झाकलेलं. मावशी म्हणाल्या, "पोटात दुखतं म्हणून जेवत नाहीत. पहाटे तीनपासून जाग्या असतात."

मी विचारलं, "बाई, काय होतंय?"

"भाऊ, तुम्ही बोललात तेव्हापासून हिशेब करतेय. सासू-सासऱ्यांचं केलं, मुलं शिकवली, कुणाचे पाच पैसे ठेवले नाहीत. चूक सापडत नाही. म्हणजे मागल्या जन्मी काहीतरी भयंकर केलं असणार. मग औषध तरी कशाला घ्यायचं?"

मला घाम फुटला. आमच्या काळी बॅलन्सिंगला डिफरन्स आला की रात्र रात्र वह्या चाळायचो. फरकाला नऊने भाग गेला तर आकडे उलटसुलट लिहिले गेले असतील, अशा खुणा असायच्या. शेवटी चूक सापडायची, कारण वह्या समोर असायच्या. या बाईंना मी अशा वहीतली चूक शोधायला बसवलं होतं, जी कुणाच्याच हातात नाही.

तिथे येणाऱ्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जग न्यायानं चालतं असं मानायची माणसाला गरजच असते. मेल्विन लर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर आयुष्यभर काम केलं, 1980 मध्ये पुस्तक लिहिलं. निरपराध माणसाचे हाल दिसतात आणि आपल्याला काही करता येत नाही, तेव्हा बघणारे त्या माणसातच खोट काढू लागतात, हे त्यांच्या प्रयोगात दिसलं." पुढे म्हणाले, "आपल्याशी लोक न्यायानं वागतात असं वाटत असेल तर मनाला आधार मिळतो. पण जे झालं ते माझ्याच लायकीचं, असं वाटू लागलं की तोच न्याय माणसाला आतून खातो. आणि हे नुसतं म्हातारपण नव्हे. भूक जाणं, पहाटे जाग येणं, कारण न सापडणारं दुखणं, हा नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत."

त्या रात्री गुरुचरित्राचा तेरावा अध्याय पुन्हा वाचला. पोटशूळानं गांजलेला ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघाला आहे. श्रीनृसिंहसरस्वती त्याला परत बोलावतात. तोही बाईंसारखाच मागल्या जन्माची वही उघडतो. अन्नदान केलं नसेल, कुणाचा घास हिरावला असेल, म्हणून हे भोग. आता बघा, त्रिकालज्ञ सद्गुरूंना ती वही वाचता आली नसती का? पण महाराज हिशेबात शिरत नाहीत. जीव देणं हे पाप आहे, असं बजावतात आणि माझ्याकडे औषध आहे म्हणतात. सायंदेवाला सांगतात, याला घरी ने आणि जेवू घाल. सायंदेव घाबरतो, कारण अन्न हेच त्या माणसाचं मरण झालेलं. तरी महाराज त्याला पोटभर जेवू घालायला लावतात, आणि शूळ जातो.

इतकी वर्षं ही कथा चमत्कार म्हणून सांगितली. आता वाटतं, सर्वज्ञ गुरूंनीही ज्याची मागली पानं उलटली नाहीत, त्याची पानं उलटणारा मी कोण? कर्मसिद्धान्त खोटा, असं मी म्हणत नाही. पण तो आपण उद्या काय करायचं ते ठरवण्यासाठी आहे, दुसऱ्याचं दुखणं मोजण्यासाठी नाही. गीतेतही भगवंतांनी कर्माची गती गहन म्हटली आहे. जे गहन आहे त्याचा निकाल मी माईकवरून दिला होता.

पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर बाईंची क्षमा मागितली. त्या हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "बरं झालं बोललात." डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. मी मावशींना विचारलं, बाईंना इथे काय खुपतं? कळलं की आंघोळीला त्यांचा नंबर नेहमी शेवटी लागायचा, गरम पाणी संपलेलं असायचं. चहाला साखर नको हे कुणी विचारलंच नव्हतं. पाळी बदलली, चहा बदलला. देवाचा न्याय आपल्या हातात नाही, पण गरम पाण्याचा आहे ना! दोनेक महिन्यांनी बाई आरतीला आल्या. पाय तसाच आहे, मुलगा तसाच दूर आहे. पण परवा माझा एक चुकीचा उच्चार त्यांनी सुधारला. मला प्रसाद मिळाल्यासारखं वाटलं.

तेव्हा भक्तहो, एवढीच विनंती. अंथरुणावरच्या माणसाला "भोग आहेत, भोगायलाच हवेत" असं म्हणू नका. त्याऐवजी "जेवलात का?" विचारा. दुखणं मनाचं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांकही त्यासाठीच आहे. आपले दत्तप्रभू झोळी घेऊन दारोदार जातात, पण वाढणाऱ्याची मागली वही मागत नाहीत. मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा हलवताना एवढं आठवलं, तरी पुष्कळ झालं.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!