मुलाखतीची तयारी

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात एक मुलगी होती. बी.ए. झाल्यावर तिनं समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, एमएसडब्ल्यूसाठी, अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं, तशी तिनं एक नवी वही केली.

मुंबईत 1936 साली देशातली समाजकार्य शिकवणारी पहिली संस्था निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यातली कर्वे समाजसेवा संस्था 1963 ची. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. हे सगळं वहीत उतरलं. मग तिनं स्वतःच प्रश्न काढला, ‘तुमच्या भागातली मोठी समस्या कोणती?’ आणि खाली लिहिलं : ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळागळती. कारण : पालकांचं अज्ञान. उपाय : जनजागृती.’ हे उत्तर ती येता-जाता घोकू लागली.

ही तयारी वाया जाणारी होती असं नाही. ज्या कामात शिरायचं त्याचा इतिहास आणि कायदा माहीत असायलाच हवा. पण वहीतलं शेवटचं उत्तर तिनं कुणालाही न विचारता लिहिलं होतं.

तिची आत्या गावात आशा सेविका होती. मुलगी म्हणाली, “आत्या, मुलाखतीत विचारतात तसे प्रश्न विचार ना मला.”

“मला गृहभेटीला जायचंय,” आत्या म्हणाली. “तू चल. आज तूच विचार. पण एक कर, समोरचं माणूस बोलायचं थांबेपर्यंत मधे बोलू नको.”

कारखान्यांचा हंगाम संपून माणसं नुकतीच गावी परतली होती. पहिल्याच घरी एक बाई तान्ह्या लेकराला पाजत होती. आत्यानं बाळाचं वजन केलं, लसीचं कार्ड पाहिलं. मुलीनं विचारलं, “काकू, थोरलीला तुम्ही सोबत का नेता? मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह असतं की.”

बाई थोडा वेळ गप्प राहिली. मुलीच्या ओठावर पुढचं वाक्य आलं होतं, तिनं ते आवरलं. मग बाई बोलायला लागली.

“उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते बाई. कोयता म्हणजे आम्ही नवरा-बायको दोघं. पहाटं फडात उतरायचं, त्यानं तोडायचं, मी मोळ्या बांधायच्या. मग या तान्ह्याला कोपीत कोण बघणार? थोरली बघते. ती मागं राहिली तर मला कोपीत बसावं लागंल. मी बसले की कोयता मोडला, खाडा लागला. उचल फिटत नाही, पुढल्या साली तीच अंगावर. शाळा वाईट, असं म्हणणारी मी कोण? मला सही येत नाही ती शाळा नव्हती म्हणूनच.”

घरी येऊन मुलीनं ‘पालकांचं अज्ञान’ या शब्दांवर रेघ मारली. पुढचे दिवस ती आत्याबरोबर घरोघर गेली. कुणाला काही समजवायला गेली नाही, नुसतं विचारत आणि ऐकत राहिली.

मुलाखतीत तीन परीक्षक होते. संस्थांची सालं कुणीच विचारली नाहीत. तिच्या भागातल्या समस्येबद्दल विचारलं, तेव्हा तिनं पहिल्या घरच्या आईचं म्हणणं सांगितलं. एका बाईंनी विचारलं, “अशा आईला तुम्ही काय सांगाल?”

“तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही,” मुलगी म्हणाली. “तिचा हिशेब तिनं नीट केलाय. फडाजवळ पाळणाघर झालं तर तिची मुलगी शाळेत राहील. म्हणून बोलायचंय ते कारखान्याशी, मुकादमाशी आणि तिथल्या अंगणवाडीशी.”

“कारखाना नाही म्हणाला तर?”

“मग एकटीनं विचारून भागणार नाही. त्या बायाच एकत्र येऊन विचारतील असं बघावं लागेल. ते कसं करतात, हेच मला इथं शिकायचंय.”

परीक्षक बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “आईला विचारलंत. त्या थोरलीला विचारलंत का?”

मुलीला एकदम आठवलं. ती नऊ वर्षांची पोर सगळा वेळ दारात उभी होती, बाळाचं झबलं हातात धरून. तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “गेल्यावर आधी तिच्याकडे जाईन.”

निकाल लागायला अवकाश होता. गावी पोचल्यावर ती घरी न जाता थेट त्या दारात गेली, थोरलीशेजारी उंबऱ्यावर बसली आणि विचारलं, “तुला काय वाटतं गं?”

पोरीनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “कारखान्याजवळ शाळा आहे, मी बघितलीय. बाळाला मांडीवर घेऊन बसू देतील का? रडलं तर मी बाहेर घेऊन जाईन.”

मुलीनं वही उघडली आणि पोरीचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी ती आणि आत्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन नंबर शोधायला लागल्या.