शनवार तेल्यांचा इतिहास कुणाचा?

गाझातले युद्ध पेटल्यापासून आपल्याकडच्या व्यासपीठांवर ज्यूंचा उल्लेख वाढला आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी सांगितले की, दोन हजार वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या ज्यूंना आपण आसरा दिला, त्यांच्या केसालाही कधी धक्का लावला नाही, आणि म्हणून आपल्याइतका सहिष्णू समाज पृथ्वीवर दुसरा नाही. टाळ्या पडल्या. त्यांच्या तासाभराच्या भाषणात त्या ज्यूंपैकी एकाचेही नाव आले नाही. ते कोणत्या गावी राहत, काय खात, पोट कशावर भरत, आपसांत कशावरून भांडत, यातले काहीही आले नाही. एका समाजाचा सगळा इतिहास आपल्याला चांगुलपणाचा दाखला देण्यापुरता उरला होता. माझी तक्रार या दाखल्याबद्दल आहे, आणि ती मी इथे सविस्तर मांडणार आहे.

ज्यूंना इथे धक्का लागला नाही हे वक्त्यांचे विधान खोटे नाही, हे आधी मान्य करतो. इंग्लंडकडे पाहिले की त्याचे मोल कळते. यॉर्क शहरात ११९० साली जमावाने घेरलेल्या ज्यूंनी किल्ल्यात प्राण दिले. १२९० साली पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले आणि त्यांना उघडपणे परतायला १६५६ साल उजाडावे लागले. आमच्या कोकणात हकालपट्टीचा असा एकही हुकूम निघालेला नाही. प्रश्न पुढचा आहे. मारले नाही एवढ्यावरून सामावून घेतले असे ठरते का?

कथा सर्वांना ठाऊक आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले आणि वाचलेल्यांचा वंश कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत पसरला. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर, चेऊलकर ही आडनावे म्हणजे त्या प्रसाराचा नकाशाच. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शेती केली, आणि शनिवारी काम बंद ठेवले. म्हणून गाव या बेने इस्रायल लोकांना शनवार तेली म्हणू लागले.

विदर्भातल्या वाचकाला तेली म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. संताजी जगनाडे महाराजांची जयंती आमच्याकडे गावोगाव होते, आणि गावगाड्यात तेल्याची पायरी कोणती होती हे जुन्या माणसांना आजही आठवते. समुद्रातून आलेल्या या परक्यांना कोकणने जी जागा दिली ती याच उतरंडीतली एक पायरी होती. तुमचा देव कोणता, तुमचा ग्रंथ कोणता, हे गावाने विचारले नाही. धंदा कोणता, जेवता कुणाकडे, मुली देता कुणाला, एवढे विचारले आणि उत्तरे मिळताच त्यांना एका कप्प्यात बसवले. सहिष्णुता हा शब्द या व्यवहाराला फार मोठा होतो. ज्या व्यवस्थेने गावाबाहेर महारवाडा ठेवला, त्याच व्यवस्थेने शनवार तेल्याला घाणा दिला. एकाच हाताची ही दोन कामे आहेत. पहिले विसरून दुसऱ्याचा गौरव करणे मला अप्रामाणिक वाटते.

आणि तरीही त्या कप्प्यात त्यांनी काय काय जपले ते पाहा. इब्री ग्रंथ गेले, भाषा गेली, पण पंचांगाचा सांगाडा राहिला. वर्षाच्या आरंभी नव्याचा सण, मग दारफळणीचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, पुढे खिरीचा सण, होळीचा सण, अनशी ढाकाचा सण आणि वालाच्या बिरड्याचा उपास. तोंडी शमा हा एक मंत्र उरला होता. आठव्या दिवशी मुलाची सुंता चुकत नव्हती. खवले आणि पर नसलेला मासा घरात शिजत नव्हता. ग्रंथाविना, पुरोहिताविना, राजाश्रयाविना एखाद्या समाजाने शेकडो वर्षे इतके जपून ठेवावे, हा मानवी स्मरणशक्तीचा मोठा पराक्रम आहे. त्या व्याख्यानात टाळी द्यायची असलीच तर ती इथे द्यायला हवी होती.

हे सगळे आपल्यापर्यंत ज्यांच्यामुळे पोहोचले त्या हाईम सॅम्युएल किहीमकरांविषयी मला जरा अधिक लिहायचे आहे. आपल्या इतिहासलेखकांच्या याद्यांत त्यांचे नाव नसते, याची मला खंत आहे. १८३० साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखक गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. चाळीस वर्षे ते हस्तलिखित पडून होते.

किहीमकरांचे म्हणणे असे की, त्यांचे पूर्वज इसवीसनपूर्व १७५च्या सुमारास गॅलिलीहून निघाले. त्यासाठी त्यांनी मांडलेले तर्कट मला फार आवडते. हनुक्का हा सण त्यानंतरच्या दशकात सुरू झाला. बेने इस्रायलांना तो पूर्वी ठाऊकच नव्हता. म्हणजे तो सुरू होण्याआधीच ते निघाले असले पाहिजेत. जे नाही त्यावरून काळ ठरवायचा ही पद्धत चतुर आहे, पण पुरेशी नाही. ज्या समाजाला आपली भाषा विसरता येते त्याला एक सण विसरणे कितीसे अवघड? शिवाय त्यांच्याविषयीचा लेखी पुरावा फार उशिराचा आहे. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने पत्रात त्यांचा उल्लेख केला, आणि १७६८ मध्ये कोचीनच्या यहेझकेल रहबी या व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅमला लिहिलेल्या पत्रात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या रक्तात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंश आढळले, आणि त्यांची सरमिसळ साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीची ठरली. तो काळ सरमिसळीचा आहे, आगमनाचा नव्हे. किहीमकर त्यातून पुरते खोटेही ठरत नाहीत आणि खरेही.

माझ्या जिल्ह्यातले पोवार आपले मूळ माळव्यात, धारच्या राजा भोजाकडे सांगतात. आमच्यापैकी पुष्कळांच्या घरात अशी एखादी मूळकथा असते. तिने आपल्याला उभे राहायला बळ येते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यामुळे सात जोडप्यांच्या कथेकडे मी पुराव्याचा चष्मा लावून एवढ्यातेवढ्यासाठी बघत नाही. मला जाचते ते निराळेच. किहीमकरांसारख्या बुद्धिमान माणसाची हयात ‘आम्ही अस्सल आहोत’ हे सिद्ध करण्यात गेली. का गेली? कारण तसा पुरावा त्यांच्याकडे सतत मागितला जात होता. गावातल्या हिंदूंना त्याची गरज नव्हती. तो मागत होते धर्मबांधव. १८३२ मध्ये डेव्हिड ससून मुंबईत आले, त्यांच्यामागून बगदादी ज्यूंची वस्ती वाढली, आणि या श्रीमंत मंडळींनी तेल गाळणाऱ्यांच्या वंशजांना आपल्या पंक्तीत घ्यायला का कू केले. दफनभूमीतसुद्धा आपली आणि त्यांची जागा वेगळी असावी अशी मागणी केली.

पण त्याच किहीमकरांच्या समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते, आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नव्हता. काळे म्हणजे बेने इस्रायल पुरुषांना परजातीच्या स्त्रियांपासून झालेली संतती, असे किहीमकर नोंदवतात. बगदादी ज्या शंकेने त्यांच्याकडे बघत होते, त्याच शंकेने ते आपल्याच माणसांकडे बघत होते. कोकणने त्यांना जागा देताना जातीची ही रीतही दिली होती. डॉ. आंबेडकरांनी जात म्हणजे बंदिस्त वर्ग असे म्हटले, आणि एकाने दार लावले की शेजाऱ्यालाही लावावे लागते हे दाखवले. त्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. समुद्रातून आलेल्या परधर्मीयांनीही दार लावून घेतले, आणि मग घराच्या आत आणखी एक दार बसवले.

त्या दाराची किंमत पुढे त्यांनाच मोजावी लागली. इस्रायल राष्ट्र १९४८ मध्ये उभे राहिले आणि हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. भेदभाव होतो म्हणून त्यांच्यापैकी काहींनी धरणे धरले, आणि १९५२ मध्ये दीडशेच्या आसपास माणसे भारतात परतली. मग १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी आदेश काढला. बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न लावण्याआधी तिच्या पूर्वजांची शक्य तितक्या पिढ्यांपर्यंत चौकशी करा, रक्तात परक्यांची भेसळ नाही ना ते पाहा. शेकडो वर्षे शनिवार पाळल्याबद्दल मिळालेले हे बक्षीस! लोक रस्त्यावर आले, जेरुसलेममध्ये उपोषणे झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की, बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. संसदेच्या ठरावाने ज्यू ठरावे लागणे यासारखा अपमान नाही. हे लोक तो लढा जिंकले, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे.

इथवर मी जे लिहिले त्याचा रोख असा दिसेल की, कोकणने त्यांना जातीखेरीज काही दिले नाही. एवढ्यावर थांबता येत नाही. कीर्तन त्यात बसत नाही. १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारख्या तरुणांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, सगळे आपले. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने मलिदा करतात, गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे. इजिप्तमधून सुटकेची कथा सांगणारा हगादा मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापला गेला. इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. नुसत्या कप्प्यावर कोणी इतके प्रेम करत नाही. व्यवस्थेने त्यांना पायरी दिली. शेजाऱ्यांनी त्याहून पुष्कळ काही दिले, आणि त्यांच्याकडून घेतलेही. म्हणून माझा आरोप शेजाऱ्यांवर नाही. माझा आरोप आहे तो शेजाऱ्यांच्या पुण्याईवर व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्यांवर.

आणि मग बेने इस्रायल इथून गेले ते का? कुणी हाकलले नाही. गेले ते पोटासाठी, मुलांच्या लग्नांसाठी, आणि हजारो वर्षे प्रार्थनेत घेतलेल्या एका नावासाठी. त्याआधीही ते एकदा निघाले होते, किनाऱ्यावरून मुंबईकडे. कंपनीच्या फौजेत चढलेल्या सॅम्युएल दिवेकरांनी मांडवीत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभारले. रेवदंड्याचे बेथ एल १८४२ चे आणि अलिबागचे मागेन आबोथ १८४८ चे, म्हणजे गावची मंदिरे मुंबईच्या कमाईनंतर उभी राहिली. लष्कर, रेल्वे, गोदी, दवाखाने यांत ही माणसे शिरली. या समाजाने मुंबईला डॉ. एलिया मोझेस महापौर दिले, डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारखी प्रसूतितज्ज्ञ दिली, रुपेरी पडद्याला डेव्हिड अब्राहाम चेऊलकर आणि इंग्रजी कवितेला निस्सीम इझिकेल दिले. १९५१ च्या शिरगणतीत देशात पंचवीस हजारांवर ज्यू होते. २००१ मध्ये ते पाच हजारांच्याही खाली आले. महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये, बहुतेक लोक निघून गेल्यानंतर.

किहीमकरांनी लिहिले म्हणून निदान एवढे तरी आपल्या हाती आहे. हा समाज इथे असताना त्यांना बोलते करून मराठीत लिहून ठेवणे हे आपले, विद्यापीठांचे काम होते. ते आपण पुरेसे केले नाही, आणि आता दाखला मात्र मागतो आहोत.

माझ्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण आसरा घेतलेले लोक आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. नवेगावच्या जंगलाला लागून, धानाच्या बांधांमध्ये. हिवाळ्यात त्यांच्याकडून स्वेटर विकत घेतलेली घरे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या सणांची नावे सांगू शकणारी घरे फार थोडी असतील. त्यांची तरुण पिढी शहरांकडे आणि परदेशाकडे निघाली आहे. या वसाहतीत तरुणपणी आलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. गोंदिया, अर्जुनी, साकोलीच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन प्रतापगडला जा. त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसा, वाटचाल विचारा, इथल्या गावांनी त्यांना काय दिले आणि काय नाकारले तेही विचारा, आणि त्यांच्या नावानिशी, त्यांच्या संमतीने मराठीत छापा.