तळे राखील तो…

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या केळशीत एक गंमत माझ्या नेहमी लक्षात येते. घराघरांत पाटावर कलश मांडलेला असतो, पुढे लाह्या-बत्तासे असतात, आणि घरातले वडीलधारे माणूस हात जोडून एकच मागणे मागत असते, ‘आई, स्थिर हो.’ महालक्ष्मीचे जुने देऊळ आमच्या गावातच आहे. तिचा पत्ता आम्हांला ठाऊक आहे. तरी ती घरी येईल की नाही याची जेवढी काळजी, त्याहून अधिक काळजी आलेली टिकेल की नाही याची! लक्ष्मी चंचल आहे असे आपण म्हणतो. परंतु गेली काही वर्षे मला शंका येऊ लागली आहे की, चंचल ती नसावी. चंचल आपणच असू, आणि आळ मात्र तिच्यावर घालीत असू.

या शंकेचे मूळ वर्गातल्या एका प्रश्नात आहे. भिंतीवर भारताचा नकाशा लावून मी मुलांना खनिजे शिकवीत होतो. चंद्रपूरला कोळसा, गडचिरोलीला लोखंड, ओडिशात लोखंड आणि बॉक्साइट, झारखंडात तर काय नाही तेच विचारा! पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, मग तिथली माणसं खूप श्रीमंत असतील ना?”

मी ‘बस खाली’ म्हणालो आणि धडा पुढे नेला. मास्तरला उत्तर येत नसले म्हणजे तो धडा पुढे नेतो, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. उत्तर येत नव्हते असेही नाही. ते देण्याची लाज वाटत होती. कारण नकाशावर ज्या जिल्ह्यांत खनिजांच्या खुणा दाट, त्यांतल्या कितीतरी जिल्ह्यांत पोटे खपाटीला गेलेली आहेत, हे त्या दहा वर्षांच्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे?

लाजेचे दुसरे कारण घरातले आहे. आमच्या दापोली-मंडणगडच्या सड्यांवर, जांभ्याच्या कातळात, बॉक्साइट सापडते. आमचाही सड्यावर एक तुकडा होता. सहा हिस्सेदारांत मिळून तो सामाईक; पावसाळ्यात चार गुरे चरायची, एरवी नुसता काळा कातळ. वीसबावीस वर्षांपूर्वी त्याला गिऱ्हाईक आले. मॅट्रिक झालेला म्हणून कागद वाचून दाखवायला चुलत्यांनी मला बसवले. मी वाचला. जमिनीची किंमत होती, सह्यांच्या जागा होत्या. परंतु माल किती निघणार, किती वर्षे निघणार, खड्डा कोण बुजवणार, खालच्या वाडीच्या विहिरीचे काय, याविषयी एक अक्षर नव्हते. हे मला दिसले. चुलत्यांनी विचारले, “काय रे, बरोबर आहे ना?” मी म्हणालो, “बरोबर आहे.” मी बोललो असतो तर कदाचित सौदा फिसकटला असता, आणि सहा हिश्श्यांपैकी एक हिस्सा आमचाही होता.

त्या पैशांत आमच्या घरावर नवी कौले आली, एका बहिणीचे लग्न झाले, आणि दोन दिवाळ्या फार थाटात झाल्या. तिसऱ्या दिवाळीला पैसा संपला होता. सड्यावर मात्र लाल खड्डा राहिला, तो आजही आहे.

म्हणून या विषयावर मी लिहितो ते दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी नाही. प्रश्न साधा आहे: जमिनीच्या पोटात धन सापडले म्हणजे एखादे गाव वा देश सुखी होतो आणि दुसरा कंगाल होतो, हे कशाने?

आधी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. लोक रडले. पण पावसाळा सरला तशी पुन्हा रोपे लागली. पोफळीला फळ धरायला वर्षे लागतात, तरी ती धरते. बागेतून येते ते उत्पन्न. कातळातून येते ते उत्पन्न नव्हेच. ती भांडवलाची विक्री आहे. आजीची पाटली मोडून आणलेल्या पैशाला कोणी ‘यंदा घराची मिळकत वाढली’ असे म्हणत नाही. पाटली मोडून मुलाचे शिक्षण झाले, तर पाटलीचे नुसते रूप बदलले. पाटली मोडून फटाके उडवले, तर पाटली गेली. खाणीचा सगळा धर्मविचार मला वाटते एवढ्यात येतो. मात्र घरात पाटलीवर आजीची नजर असते; देशाच्या पाटलीवर कोणाची असते?

इथे आपली जुनी म्हण आडवी येते: तळे राखील तो पाणी चाखील. ही म्हण आपण किती सहज, किंचित हसून म्हणतो! जणू राखणदाराने चाखणे हा सृष्टिनियमच आहे. झऱ्याच्या तळ्याचे एकवेळ खपून जाईल. राखणदाराने ओंजळभर घेतले तरी झरा ते भरून काढतो. पण खाण म्हणजे झरा नसलेले तळे. तिथे प्रत्येक ओंजळ कायमची कमी होते. अशा तळ्याला राखणदार कसा आहे, यावर सगळे अवलंबून.

पॅसिफिक महासागरात नौरू नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ अवघे 21 चौरस किलोमीटर. आपली एखादी पंचक्रोशी याहून मोठी भरेल. साऱ्या बेटावर फॉस्फेट, म्हणजे शेतीला लागणारे उत्तम खत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून परक्यांनी ते उपसले. 1968 साली बेट स्वतंत्र झाले, आणि पुढे काही काळ तिथले दरडोई उत्पन्न जगात अगदी वरच्या क्रमांकांत गणले जात असे. त्यांनी पुढच्या दिवसांसाठी निधीही काढला होता. पण त्या निधीचे राखणदार मोकाट सुटले. स्वतःची विमाने झाली, मेलबर्नमध्ये गगनचुंबी इमारत झाली. 1993 साली तर लंडनमध्ये लिओनार्दो द व्हिंचीच्या प्रेमकथेवर एक संगीत नाटक या बेटाच्या पैशाने रंगभूमीवर आले, आणि पडले. नाटकवेड्या मराठी माणसाला या वेडाचे फार आश्चर्य वाटू नये. फक्त आपल्याकडे नाटकापायी मालक बुडतो, तिथे देश बुडाला! फॉस्फेट संपत आले, इमारत 2004 साली कर्जापायी विकावी लागली, आणि बेटाचा मधला भाग दगडी सुळक्यांचे ओसाड रान होऊन राहिला.

आता दुसरी गोष्ट. 1969 सालच्या नाताळाच्या तोंडावर नॉर्वेच्या समुद्रात मोठा तेलसाठा लागल्याचे कळले. त्या देशाने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या पैशासाठी वेगळा निधी केला, आणि 1996 मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. 2001 मध्ये नियम ठरला की, निधीला लांबच्या हिशेबाने जो उतारा अपेक्षित, साधारण शेकडा 4, तेवढाच सरकारने खर्चावा. 2017 मध्ये तो 3 वर आणला. मुद्दल नातवंडांचे, व्याज आपले! आज जगातल्या सर्वांत मोठ्या निधींत त्याची गणना होते, आणि त्याचा पैसा कुठे गुंतला आहे हे कोणालाही पाहता येते.

कुणी म्हणेल, गोऱ्या, शिकलेल्या, मुळातच सुस्थित देशाचे कौतुक काय सांगता! आक्षेप खरा आहे. नॉर्वेत तेल सापडले तेव्हा प्रामाणिक कारभार, न्यायालये, वर्तमानपत्रे ही सारी आधीच उभी होती. कुंपण आधी आणि पीक मागून. जिथे पीक आधी येते, तिथे बहुधा कुंपणच शेत खाते.

म्हणून आफ्रिकेतल्या बोट्स्वानाचे उदाहरण मला अधिक धीर देते. 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या अतिशय दरिद्री देशांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी तिथे हिरे सापडले. आणि सापडले ते अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या भूमीत. हिरे आमच्या जमातीचे, असे ते म्हणू शकले असते. परंतु खनिजे साऱ्या देशाची, असा कायदा त्यांनी केला आणि पाळला. शेजारच्या कित्येक देशांत हिऱ्यांपायी रक्त सांडले; इथे रस्ते, शाळा आणि दवाखाने झाले. त्या लोकांत ‘क्गोत्ला’ नावाची गावसभेची जुनी चाल आहे. तिथे प्रमुखाला सर्वांचे ऐकून घ्यावे लागते. गरिबी तिथेही सरलेली नाही, विषमता मोठी आहे, आणि हिऱ्यांचा बाजार मंदावला की देशाला घाम फुटतो. पण तळ्याचे पाणी शेताला पोचले, हे नाकारता येणार नाही.

आता घराजवळ येऊ. गोव्याच्या लोखंडाच्या खाणी पोर्तुगीज काळापासूनच्या. तेव्हाचे कायमचे परवाने 1987 च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे पट्टे झाले. 2000 नंतर चीनची मागणी वाढली आणि डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांत रस्त्यावर ट्रकांची रांग तुटेना. शेतांत लाल गाळ उतरला, विहिरी आटल्या. पुढे न्यायमूर्ती शाह आयोगाने बेकायदा खाणकामामुळे झालेला तोटा सुमारे 35,000 कोटी रुपये इतका काढला. 2012 मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पट्ट्यांची मुदत 2007 मध्येच संपली होती. म्हणजे पाच वर्षे माल निघत होता, जहाजे भरत होती, आणि मुदत संपल्याची दखल घेणारा राखणदार मात्र जागेवर नव्हता! त्याच निकालात न्यायालयाने विक्रीच्या शेकडा 10 रकमेचा कायम निधी, पुढच्या पिढ्यांचाही विचार करून, काढायला सांगितले. आजीची पाटली अखेर न्यायालयाला आठवली. पण ट्रक थांबल्यावर ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या घरांतली दिवाळी कशी झाली असेल, याचाही विचार मनात येतो. वाईट कारभाराचा दंड बहुधा धाकट्यालाच भरावा लागतो, खाण चालू असतानाही आणि बंद पडल्यावरही.

यावर कोणी संतापून म्हणतात, मग काढूच नका काही जमिनीतून! हे मला पटत नाही. ज्या ॲल्युमिनियमच्या कढईत आपल्या चकल्या तळल्या जातात, ते कुणाच्या तरी सड्यातून निघालेले बॉक्साइटच आहे. चकली खाऊन खाणीला शिव्या देणे हा दुटप्पीपणा होईल. प्रश्न काढण्या न काढण्यापुरता नाही. कोणाला विचारून काढले, हिशेब कोणासमोर ठेवला, आणि मुद्दलाचे काय केले, हा आहे.

दुसरे कोणी सुस्कारा टाकतात: सरकार मुंबईला, दिल्लीला, आपण काय करणार? त्यांना मी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाची आठवण देतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पिढ्यानपिढ्या ज्या बांबूच्या विक्रीवर गावाचा शब्द चालत नव्हता, तो गावाने स्वतः विकला. पण हे एका दिवसात झाले नाही. देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती यांनी त्याआधी कितीतरी वर्षे गावाला एकत्र बसायला, अभ्यास करायला आणि सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायला शिकवले होते. धन हातात आले तेव्हा राखणदार तयार होता, आणि राखणदार म्हणजे सारे गाव होते.

आमच्याकडे काय आहे? कायदा आहे. महाराष्ट्रात जमीन आपली असली तरी खाणीतल्या खनिजाचा हक्क 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचा. स्वामित्वधन सरकारजमा होते. 2015 पासून त्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात, जुन्या पट्ट्यांवर शेकडा 30 आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर शेकडा 10, इतकी जादा रक्कम खाणवाल्यांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे भरायची आहे, आणि ती खाणीची झळ लागलेल्या गावांसाठी आणि माणसांसाठी आहे. किती लोकांना हे ठाऊक आहे? मास्तर असून मलाही फार उशिरा कळले.

कोकणातल्या गावोगावी उत्सव संपला म्हणजे मंडळी बसतात आणि वर्गणीचा जमाखर्च वाचून दाखवला जातो. नारळ किती, तेल किती, भजनी मंडळाला काय दिले. पाच रुपयांचा मेळ बसेना तर म्हातारी माणसे अर्धी रात्र जागतात. देवीच्या पाच रुपयांना जागणारे हे लोक सड्याच्या लाखोंच्या वेळी का झोपतात? मला वाटते, उत्सव आपला वाटतो आणि सडा ‘सरकारचा’ वाटतो. जे कोणाचेच वाटत नाही, ते चाखणाऱ्याचे होते. सुशासन हा शब्द फार जड आहे. मला त्याचा अर्थ एवढाच कळतो की, उत्सवाचा जमाखर्च जसा मोठ्याने वाचला जातो तसा सड्याचाही वाचला जावा, आणि वाचणाऱ्याने ओळ गाळू नये.

ओळ गाळणे काय असते हे मला चांगले ठाऊक आहे. त्या दिवशी कागदावर जे नव्हते ते मी बोललो नाही. माझ्या ‘बरोबर आहे’ या दोन शब्दांत नौरूही होते आणि गोवाही होता. आकार तेवढा लहान.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडेल तेव्हा तो नकाशा पुन्हा भिंतीवर लावणार आहे. त्या मुलाला उभे करून त्याचा प्रश्न पुन्हा विचारायला सांगणार आहे. मग त्याला म्हणेन, “बाळ, तिथली माणसं श्रीमंत होऊ शकतात. पण त्यासाठी कागद वाचणारं माणूस लागतं, आणि कमी असेल ते बोलून दाखवणारं माणूस लागतं. तुझ्या गुरुजींना एकदा ते जमलं नाही.” वर्गासमोर हे सांगणे जड जाईल. पण सड्यावरचा खड्डा त्या मुलांना रोज दिसतो. त्याचा हिशेब कोणीतरी त्यांना वाचून दाखवलाच पाहिजे.

तोवर यंदाच्या लक्ष्मीपूजनाला मी ‘स्थिर हो’ असे तिला म्हणणार नाही. ते मागणे स्वतःकडेच मागून पाहीन.