वेढ्यातील नागरिक कोण?

युद्धात सापडलेल्या नगराविषयी बोलताना आपण ‘नागरिक’ हा शब्द सहज वापरतो. त्या शब्दात कोण बसते आणि कोण बाहेर राहते, याचा विचार मात्र क्वचितच करतो.

अमेरिकेतील यादवी युद्धात मिसिसिपी नदीकाठचे व्हिक्सबर्ग हे शहर १८६३ साली ४७ दिवस वेढ्यात होते. जमिनीवरून ग्रँटचे सैन्य आणि नदीतून पोर्टरच्या युद्धनौका तोफांचा मारा करीत. लोकांनी टेकड्यांच्या पिवळ्या मातीत गुहा खोदून संसार आत हलविला. अखेरीस खेचराचे मांसही खाल्ले. या हालअपेष्टांचा दोष कोणाचा? तोफा डागणाऱ्या ग्रँटचा, की भुकेल्या नगराचे दार बंद ठेवणाऱ्या पेंबर्टनचा? आमच्या मते दोघांचाही. एकाच्या दोषाने दुसऱ्याचा उणा होत नाही.

परंतु येथेच थांबलो तर विचार अर्धा राहतो. त्या गुहांपैकी कित्येक गुलामांनी खोदल्या होत्या, आणि तोफगोळे त्यांच्यावरही पडत होते. ४ जुलै १८६३ रोजी शहर शरण गेले. तो दिवस मालकांना मानहानीचा, तर गुलामांना मुक्तीचा ठरला. पुढे कित्येक वर्षे तेथील अनेक गोऱ्या कुटुंबांनी ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन पाळला नाही. कृष्णवर्णीयांनी मात्र तो साजरा केला.

मग मुक्ती आली म्हणून तोफगोळा पवित्र ठरतो काय? नाही. गुहेतले लहान मूल, मालकाचे असो वा गुलामाचे, कोणत्याच अन्यायाला जबाबदार नव्हते. पण त्या मुलाविषयीची करुणा पुढे करून मालकाच्या पक्षावर पांघरूण घालणे, हाही अन्यायच होय.

आम्ही हे दुसऱ्यांना शिकविण्यासाठी लिहीत नाही. शासकीय सेवेत असताना नर्मदेच्या पुरानंतर मदतीच्या याद्या आम्हीच केल्या. घरमालकांची नावे तत्काळ येत. वाड्यामागे राहणाऱ्या गड्याचे नाव राहून जाई, कारण घर त्याच्या नावावर नसे. यादी नियमाप्रमाणे बिनचूक होती, आणि तिच्यावर आमचीच सही होती. पाणी मात्र दोघांच्याही घरात सारखेच शिरले होते.

म्हणून कोणत्याही नगराच्या दुःखाची मोजदाद करताना प्रथम विचारावे, मोजणाऱ्याच्या यादीत कोण राहून गेले?