कलेच्या इतिहासाचे प्रात्यक्षिक

पदवी अभ्यासक्रमात मुख्य विषय, गौण विषय आणि खुले ऐच्छिक विषय अशी रचना आल्यापासून कलाशिक्षण घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आता हवे ते निवडता येईल, असे नव्या शैक्षणिक धोरणाचे समर्थक हिरिरीने सांगत आहेत. मत आकर्षक आहे. भूगोल मात्र त्याच्या बाजूने नाही. दृश्यकलेची शासकीय महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे असल्याने अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला एक तर घर सोडावे लागते, नाही तर खासगी संस्थांवर भागवावे लागते, आणि जिथे शिकवणाराच नाही तिथे ऐच्छिक विषय यादीची शोभा वाढवण्यापुरता उरतो. तरीही जे उपलब्ध आहे त्यातून काय घ्यावे, याविषयी सर्रास दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचा समाचार घेणे अधिक निकडीचे आहे.

तो सल्ला असा : ज्याचा हात चांगला त्याने उपयोजित कला, म्हणजे जाहिरात, मांडणी आणि छपाई यांच्याशी निगडित शाखा, घ्यावी, ज्याला शाळेत नोकरी हवी त्याने ए.टी.डी. ही कलाशिक्षक पदविका करावी. आणि कलेचा इतिहास हा लेखी पेपर असल्याने तो परीक्षेच्या तोंडावर पाठ करावा. हे व्यवहारज्ञान केवळ वऱ्हाडी नाही. जानेवारी २०१४ मध्ये बराक ओबामा यांनी कलेच्या इतिहासाच्या पदवीपेक्षा कुशल कारागिरीत जास्त कमाई होऊ शकते, अशा अर्थाचे विधान केले आणि पुढे या विषयाच्या एका प्राध्यापिकेची स्वहस्ते पत्र लिहून माफी मागितली. आपल्याकडील सल्लागारांवर अशी वेळ अद्याप आलेली नाही.

ही उपेक्षा वऱ्हाडाला विशेष महागात पडते. अजिंठ्याचे सोळावे लेणे दान देणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री होता, आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, जे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांपैकी एकाचे ठिकाण आहे. वाकाटकांचे कोरीव लेख संपादित करणारे वा. वि. मिराशी तर काही वर्षे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इतका वारसा दाराशी असताना इथला कलाविद्यार्थी अजिंठ्याला जातो तो सहलीसाठी.

इतिहासाचा पेपर पाठांतरापुरता का उरला, याचे कारण केवळ प्रशासनात नाही, ते सौंदर्यविचारातही आहे. कवी मर्ढेकरांनी सौंदर्याचा उलगडा लयीत शोधला, आणि लय म्हणजे संवेदनांच्या परस्परसंबंधांतून संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी सिद्ध होणारी रचना, असे मानले. सिद्धान्त देखणा आहे. पण तो स्वीकारला की कलाकृती कोणत्या शतकात, कोणाच्या पैशाने आणि कोणत्या दगडात घडली हे प्रश्न सौंदर्याच्या उंबऱ्याबाहेर राहतात, आणि वर्गात शिकवल्या जाणाऱ्या रंगसंगतीच्या गणिताला इतिहासाची गरजच उरत नाही. मर्ढेकरांचे एक पानही न वाचलेले कलाशिक्षक या अर्थाने कट्टर मर्ढेकरी असतात.

नेपथ्यकार द. ग. गोडसे यांचे १९६३ मधील 'पोत' हे पुस्तक म्हणजे याच विचाराशी घातलेला वाद होय. त्या वादातून आज घेण्याजोगे एवढे आहे की आकार काळापासून सुटा करून पाहता येत नाही. एखाद्या युगाची वस्त्रे, शस्त्रे, देवळे आणि भाषा यांतून एकच वीण जाणवत असते, आणि ती न ओळखता केलेले रचनेचे विश्लेषण अचूक असूनही आंधळे राहते. मर्ढेकरांच्या कवितेच्या दबदब्यामुळे त्यांच्या सौंदर्यशास्त्राला जो मान मिळाला, त्याच्या निम्मा जरी गोडशांच्या वाट्याला आला असता, तरी कलाशाळांतील इतिहासाचे तास इतके निर्जीव झाले नसते.

इथवर पाहता विद्यार्थ्याने रंगकामाइतकेच वजन इतिहासाच्या व्याख्यानांना द्यावे, असा निष्कर्ष सोपा वाटतो. पण खुद्द गोडशांचेच उदाहरण त्याच्या आड येते. शंभराहून अधिक नाटकांचे नेपथ्य करणाऱ्या या माणसाला इतिहास व्याख्यानांतून कळला नव्हता. पगडी कशी बसते, अंगरख्याला चुणी कुठे पडते आणि वाड्याचा खांब किती जाड हवा, हे ठरवताना तो त्याच्या हातात आला होता. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, तेव्हाही हेच घडले. त्यांपैकी अनेक प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या, जशा ग्रिफिथ्स यांच्याआधी तिथली चित्रे उतरवणाऱ्या रॉबर्ट गिलच्या १८६६ मध्ये गेल्या होत्या. कापड जळाले, तरी पेस्तनजी बोमनजींसारख्या विद्यार्थ्याला ती वळणे स्वतः काढून पाहताना जे शिकायला मिळाले, ते त्या आगीत सापडले नाही.

म्हणून खरी निवड चित्रकला की इतिहास अशी नाही. इतिहास कोणत्या रीतीने शिकवला जातो, हे पाहून अभ्यासक्रम निवडायला हवा. श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाचे मोजमाप; व्याख्यानाचा एक श्रेयांक पंधरा तासांचा धरतात, तर प्रात्यक्षिकाचा तीस तासांचा. कलेचा इतिहास व्याख्यानांच्या रकान्यात टाकला की पंधरा तासांत सिंधू संस्कृतीपासून पिकासोपर्यंत धावणे भाग पडते. तोच प्रात्यक्षिकाच्या रकान्यात आणला, तर अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या देवळाचा एकच खांब तीस तास मोजून, रेखाटून आणि लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातील खांबांशी ताडून पाहता येईल. वऱ्हाडात जुने दगडी देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. बार्शीटाकळीचा शिलालेख मात्र शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ चा आहे, आणि ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. ही विसंगती पुस्तकात वाचून विसरली जाते. खांबाच्या तरंगहस्ताची, म्हणजे वरची तुळई पेलणाऱ्या भागाची, कड स्वतः उतरवलेल्या विद्यार्थ्याला ती अस्वस्थ करते, आणि मग तो हेमाद्रीच्या नावाखाली किती वेगवेगळे हात दडले आहेत याचा शोध घेऊ लागतो.

या सूचनेवर आक्षेप येईल तो परीक्षेचा. तीन तासांची उत्तरपत्रिका कुठेही बसून तपासता येते. खांबाचे रेखाटन बरोबर आहे की नाही हे ठरवायला परीक्षकाला बार्शीटाकळीला जावे लागेल, आणि प्रवासभत्त्याच्या नियमांत तेवढी सोय करणे विद्यापीठांना अभ्यासक्रम बदलण्यापेक्षाही जड जाते.